पात्यावरचा माणूस

"तुझ्या कागदावर लाइन बंद हाये बेटा. पण खांबावर बंद हाये का, हे कोणी पाह्यलं?"

रहमतुल्लाचाचांनी हे विचारलं तेव्हा तृप्ती हसली होती. शिकलेली माणसं म्हाताऱ्यांपुढं हसतात तसं. ओठ जरासे दुमडून, 'तुमचा जमाना वेगळा होता' हे न बोलता सांगून टाकणारं हसू. त्या हसण्याची आज तिला इतकी चीड आहे की कधी बोलता बोलता ओठ तसे दुमडले तर तिचं तिलाच कळतं आणि ती वाक्य अर्धं सोडून उठून जाते.

चाचा बत्तीस वर्षं वायरमन होते. देवमाळपासून तीर्थपुरीपर्यंत ते चढले नाहीत असा खांब सापडायचा नाही. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी गावाला ते रहमतुल्ला वायरमनच. त्यांचा मुलगा अकिब आणि तृप्तीचा नवरा कल्याण एका गल्लीतले, एका बाकावर बसून शाळा शिकलेले, आणि गेली दोन वर्षं एकाच कामावरचे. काम काय, तर पवनचक्कीचं पातं वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर उभं राहून रस्त्यावरच्या तारा उचलायच्या.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना खोटं वाटेल. डोंगरावर गरगर फिरणारं पातं लांबून केळीच्या पानाएवढं दिसतं; जमिनीवर आडवं ठेवलं तर देवमाळच्या पारापासून निघून शाळेच्या फाटकापर्यंत पोचतं. ते येतं हायवेनं, राजासारखं. पण हायवे सुटला की गावचे रस्ते लागतात, आणि गावच्या रस्त्यावर डोक्यावरून तारा गेलेल्या असतात, झोळीसारख्या लोंबलेल्या. म्हणून दोन माणसं पात्यावर उभी करतात. हातात बारा-चौदा फुटी बांबू, बांबूच्या टोकाला बेचकं. बेचक्यात तार धरून वर उचलायची, ट्रेलर गोगलगाईसारखा पुढं सरकत राहतो तसं पात्यावरून मागं मागं चालत जायचं, आणि शेपटापाशी आलं की तार सोडून द्यायची. मग पुढची तार.

घरगुती तारांना बांबू पुरतो. शेतीपंपाची लाइन मात्र अकरा हजारांची, तिथं लाकडावर भरवसा ठेवायचा नसतो. तिचा नियम चाचांना तोंडपाठ होता. सबस्टेशनला अर्ज करायचा, ऑपरेटर लाइन बंद करून परमिट देतो, वायरमन जागेवर येतो, तिन्ही तारांवर अर्थिंगची साखळी टाकतो, म्हणजे चुकून कोणी लाइन सुरू केली तरी करंट जमिनीत जावा. त्यानंतर हात लावायचा. एका तारेला दोन तास. अंबडपासून डोंगरापर्यंत अशा अकरा लाइनी. ट्रेलर उभा राहिला की कंपनीतली वरची माणसं फोन करून शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या सर्जेराव नावाच्या लेबर कंत्राटदारामार्फत वाढत वाढत कल्याण-अकिबपर्यंत यायच्या.

त्यावर जो उपाय निघाला तो कोण्या इंजिनिअरला सुचला नसता. तो शेतकऱ्यांच्याच पोरांना सुचणार. शेतीची लाइन दिवसभर नसते, पाळीनं असते: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. या पाळीवर ज्याच्या घरातली जेवणं आणि झोपा ठरल्या त्याला हे पंचांगासारखं पाठ असतं. मग ज्या गावची रात्रपाळी चालू, तिथली तार दिवसा मेलेलीच की! कशाला पाहिजे परमिट?

"फक्त प्रत्येक गावाची पाळी ध्यानात ऱ्हात न्हाई," कल्याण एकदा जेवताना म्हणाला.

"मी करून देते तक्ता," तृप्ती म्हणाली.

जालन्याच्या कॉलेजात तिनं फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. लग्नानंतर ते ज्ञान मिक्सर दुरुस्त करण्यापलीकडं कामी आलं नव्हतं. तिनं सात सबस्टेशनांना फोन केले, पाळ्या लिहून घेतल्या, मोबाइलवर चौकोन आखले. हिरवा म्हणजे मेलेली तार, लाल म्हणजे जिवंत. अकिबनं त्याचं नाव ठेवलं 'वहिनीचा चार्ट'. सर्जेरावनं तो उचलून कामाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'परमिटच्या नादात टाइम घालवू नका. चार्ट बघून उचला.' त्या महिन्यात ट्रेलर कधी नव्हे इतके लवकर डोंगरावर पोचले.

तृप्तीला तेव्हा खरंच अभिमान वाटला होता. वाऱ्यावर तिचा जीव होता. सासूबाई सगुणाबाई म्हणायच्या, "त्या पंख्यांच्या घुंईघुंईनं म्हशी दूध चोरून राह्यल्या," तेव्हा ती कोळसा किती जळतो, धूर कुठं जातो, देशाला किती वीज लागते आणि त्यातली किती आता वाऱ्यावर निघायला लागली, हे पोळ्या लाटता लाटता सांगायची. पहिला पंखा फिरला त्या दिवशी अडीच वर्षांच्या राजनंदिनीला कडेवर घेऊन माळावर उभी राहिली होती. घरात बसल्या बसल्या एवढ्या मोठ्या कामाला आपला हात लागतोय, असं तिला वाटायचं.

त्याच दिवसांत चाचांनी ओट्यावर बसून तो तक्ता डोळ्यांजवळ धरून पाहिला होता आणि तो प्रश्न विचारला होता. अकिब बापाला म्हणाला होता, "अब्बा, तुमची साखळी आता म्युझियमला देऊन टाका." आणि तृप्तीनं ओठ दुमडले होते.

डिसेंबरातला सोमवार. सकाळचे साडेआठ. राजनंदिनीला दोन दिवस खोकला होता. तिला मांडीवर घेऊन तृप्ती नाचणीची पेज भरवत होती. कल्याणचा फोन आला. प्रत्येक मोठ्या तारेआधी यायचा तसाच.

"उंबरखळी फाटा. शेतीची लाइन. सांग."

तिनं डाव्या हातानं तक्ता उघडला. "हिरवं आहे. रात्रपाळी. सकाळी सहाला जाते."

"पक्कं?"

"पक्कं हो. उचला."

मागून अकिबचा आवाज आला, "वहिनी, राजूला सांगा, आज पात्यावरून ढग आणून राह्यलो तिच्यासाठी. इथं धुकंच धुकं!"

आणि अजून एक आवाज आला. पाणी पडत असल्याचा. जाड पाइपातून हौदात धबाधबा पडावं तसं. तृप्तीनं तो ऐकला. तिला ऐकू आला, तिच्या डोक्यात पोचला, आणि 'कोणीतरी डिझेल इंजिन लावलं असेल' असं म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. तेवढ्यात पोरीला ढास लागली, पेज अंगावर आली, तिनं फोन ठेवून दिला.

वीस मिनिटांनी परत फोन वाजला. कल्याणचाच. तो बोलत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता.

झालं होतं ते एवढंच. उंबरखळीचे लोक तीन वर्षं दिवसाची लाइट मागत होते. साप-विंचवात रात्री पाणी द्यायचा कंटाळा आला होता त्यांना. गावाशेजारी सौर प्रकल्प झाला आणि त्या सोमवारपासून त्यांची लाइन कायमची दिवसावर आली. सकाळी कोणीतरी मोटारीपुढं नारळसुद्धा फोडला होता. शुक्रवारी तसा कागद सबस्टेशनच्या दारावर लागला होता. तो कागद देवमाळच्या एका स्वयंपाकघरात कसा दिसणार? उन्हाची वीज आली, वाऱ्याची वीज चालली होती, आणि दोन्हींच्या मधे धुक्यानं ओला झालेला बांबू धरून अकिब उभा होता.

कल्याण तेव्हा शेपटाकडं होता, चाळीस पावलांवर. त्याला आधी उजेड दिसला, मग आवाज आला.

अकिब वाचला. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात उजवा हात कोपरापासून काढला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. पायातून करंट बाहेर पडला तिथं खड्डा.

पहिले तीन दिवस तृप्तीनं काही खाल्लं की नाही हे तिला आठवत नाही. एक गोष्ट तिनं लगेच केली: ज्या ज्या ग्रुपवर तो तक्ता गेला होता तिथं लिहिलं, 'हा चार्ट चुकीचा आहे. वापरू नका. यानं माणूस भाजला आहे.' सर्जेरावनं पाच मिनिटांत तिचा मेसेज काढून टाकला आणि तिलाही.

चौथ्या दिवशी तो स्वतः आला. पांढरी गाडी, हातात प्लास्टिकची फाइल. सगुणाबाईंनी चहा ठेवला. कल्याण भिंतीला टेकून बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा.

"घे कल्याण. इथं सही कर. साक्षीदार म्हणून, बाकी काही न्हाई," सर्जेराव म्हणाला.

"काय आहे ते?" तृप्तीनं हात पुढं केला.

"ताई, तुम्ही कामून तरास घेता."

"मला वाचता येतं. आणा."

तिनं वाचलं. 'सदर इसम अकिब रहमतुल्ला शेख हा ट्रेलर चहापाण्यासाठी थांबला असता, कोणाचीही परवानगी न घेता, मोबाइलमध्ये फोटो काढण्यासाठी स्वखुशीने पात्यावर चढला...' स्वखुशीने या शब्दावर तिचे डोळे थांबले. 

"फोटो काढायला? अकिबभाऊच्या फोनचा कॅमेरा सहा महिन्यांपासून फुटलाय."

"कागदाला कॅमेरा दिसत न्हाई ताई."

"तो तुमच्याकडं कामावर नव्हता?"

"आमच्या रजिस्टरला असं नावच न्हाई."

"मग दोन वर्षं तो वर उभा राहून काय करत होता? पतंग उडवत होता?"

चहा गाळणाऱ्या सगुणाबाईंच्या तोंडून नकळत हुंकार निघाला. सर्जेरावनं तिकडं पाहिलं, मग आवाज मऊ केला. मऊ आवाजाची माणसं तृप्तीला पहिल्यापासून आवडत नाहीत.

"हे बघा. हे देशाचं काम हाये. एका माणसाच्या चुकीपायी अख्खा प्रोजेक्ट अडकवायचा का? वरच्या साहेबाशी बोलणं झालंय. कल्याणला कंट्रोल रूमला घेऊन राह्यलेत. सावलीतलं काम, खुर्ची, ड्रेस. बांबू सुटला आयुष्यातून. दुसरं काय पाह्यजे माणसाला?"

सगुणाबाईंनी चहा त्याच्यापुढं सरकवला.

"आन चौकशी लागलीच," तो चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "तर पहिला सवाल काय येईल? लाइन बंद हाये हे सांगितलं कोणी? फोन तपासतेत ताई आजकाल. साडेआठला कल्याणचा फोन कोणाला गेल्ता, हे पोलीस जल्दी काढतेत. तुमचं लेकरू लहान हाये. मी आपलं घरचा माणूस म्हणून बोलून राह्यलो."

राजनंदिनी त्याच्या बुटाशी खेळत होती. तृप्तीनं तिला ओढून घेतलं, इतक्या जोरात की पोरगी रडायला लागली.

"सोमवारपर्यंत ठेवतो कागद," सर्जेराव म्हणाला आणि गेला.

गाडी गल्लीबाहेर पडली. मग सगुणाबाई म्हणाल्या, "करून टाक म्हणावं सही. सहीनं त्याचा हात वापस येणार हाये का?"

"आत्याबाई, सहीनं त्याचा तो हात कामावर असताना गेला हेसुद्धा जाईल."

"तू गप बस! तुझ्याच कागदानं झालं हे समदं. आता जेलात जायची हौस आली का? पोरीला कोण पाहील, मी? माझे गुडघे पाह्यले का?"

तृप्तीनं कल्याणकडं पाहिलं. "तुम्ही काय करणार?"

"मी सही करणार," तो भिंतीकडं बघत म्हणाला.

"काय?"

"तुझं नाव येऊ देणार न्हाई मी. मला काय खुर्चीची पडली का? अकिबनं मला पहिलीत पाटीवर नाव काढून देल्लं. तुला वाटतं माझ्यासाठी करून राह्यलो? तुझ्यासाठी करून राह्यलो."

आणि इथं तृप्तीचा संताप पहिल्यांदा नीट उभा राहिला. चार दिवस तो घरभर सांडलेल्या दुधासारखा होता. कधी स्वतःवर, कधी धुक्यावर, कधी त्या दारावर लावलेल्या कागदावर. आता त्याला धार आली. या लोकांनी परमिटचे दोन तास वाचवले, तिचा तक्ता फुकट वापरला, ग्रुपवर हुकूम दिले. आणि आता तिचंच नाव घेऊन तिच्या नवऱ्याला बांधत होते, दावं लावून जनावर बांधावं तसं.

"माझ्यासाठी नका करू," ती म्हणाली. "माझ्या नावानं खोटं बोललात तर मी या घरात तुमच्याशी बोलणार नाही. कधीच."

दुसऱ्या दिवशी पोरीला खांद्यावर टाकून ती एसटीनं जालन्याला गेली. नवीन जालन्यात, स्टेशनजवळ, एका बियाणे कंपनीच्या वरच्या मजल्यावर पवनचक्कीवाल्यांचं ऑफिस होतं. खाली हमाल पोती उतरवत होते, वर एसी. भिंतीवर निळं आभाळ आणि हातात भिरभिरं घेतलेल्या एका गोऱ्यागोमट्या मुलीचं चित्र.

साहेब सभ्य होता. पाणी दिलं, पोरीला बिस्कीट दिलं.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण तो माणूस आमचा नाही. वाहतुकीचं काम आम्ही ट्रान्सपोर्टरला दिलेलं आहे."

तिनं तिथूनच ट्रान्सपोर्टरला फोन लावला. तो म्हणाला, "लेबर का काम हमारा नहीं है मॅडम, वो सर्जेराव देखता है." आणि सर्जेरावच्या रजिस्टरला नावच नव्हतं.

"म्हणजे पातं तुमचं," तृप्ती साहेबाला म्हणाली, "ट्रेलर त्यांचा, बांबू सर्जेरावचा. आणि वरचा माणूस कोणाचाच नाही. तो काय वाऱ्यानं उडत येऊन बसला होता?"

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. देशाला आज पवनऊर्जेची किती गरज आहे हे तुम्हाला..."

"ते मला पाठ आहे," ती म्हणाली. आवाज चढला तसं शेजारच्या खोलीतून दोन माणसं डोकावली. "तुमच्यापेक्षा चांगलं पाठ आहे. मी माझ्या सासूशी त्यावरून भांडलेय. तुमच्या पंख्याला मी नावं ठेवत नाही साहेब. वाऱ्यानं कोणाचा हात नेला नाही. पातं दोन तास उशिरा पोचलं असतं तर देशात अंधार झाला असता का? तेवढंच सांगा. हो की नाही."

साहेबानं घड्याळ पाहिलं. कोणीतरी तिच्या हातात एक चकचकीत माहितीपत्रक दिलं. जिना उतरताना राजनंदिनीनं ते चावून ओलं केलं. तृप्तीनं तिला अडवलं नाही.

संध्याकाळी ती चाचांकडं गेली. दवाखान्यात अकिबजवळ त्याची बायको महजबीन होती; चाचा कपडे न्यायला एका दिवसापुरते गावी आले होते. ओट्यावर पिशवी भरून तयार होती. तृप्ती खाली पायरीवर बसली.

"चाचा, उचला म्हणून मी सांगितलं होतं."

ते पिशवीची गाठ आवळत राहिले.

"आणि मोटारीचा आवाज मला आला होता. पाणी पडत होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं."

 मशिदीत अजान झाली, संपली. चाचा नेहमी उठायचे. आज उठले नाहीत.

"मी तुला सांगितल्तं," ते म्हणाले.

"हो."

"त्याला बी सांगितल्तं. त्यो हसला. तू बी हसली."

"हो चाचा."

"मला लई राग हाये तुझा." ते हे शांतपणे, पाणी मागावं तसं बोलले. "तुझं तोंड पाहू वाटत न्हाई. पण एक सांग. साखळी टाकल्ती?"

"नाही."

"परमिट घेतल्तं?"

"नाही. घेऊ नका म्हणून मेसेज होता सर्जेरावचा."

"तो मेसेज हाये?"

"कल्याणच्या फोनमध्ये आहे. मी उतरवून घेतलाय. अकरा मेसेज आहेत तसे."

चाचा उठले, पिशवीची गाठ सोडून परत मारली.  

"मंग रडत कामून बसली? तू चुकली, ते लिही. त्याला वर कोणी उभा केला, ते बी लिही. दोन्ही लिही. एकच लिहिशील तं मी तुला माफ करणार न्हाई. दोन्ही लिहिशील तरी करीन का, मालूम न्हाई."

सोमवारी सकाळी सर्जेरावची गाडी दारात यायच्या आत तृप्ती पोलीस ठाण्यात होती. चार पानं, दोन्ही बाजूंनी, तिच्या कॉलेजच्या सुवाच्य अक्षरात. मागं अकरा मेसेजच्या छापील प्रती. हवालदारानं पहिलं पान वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, सोताचं नाव कामून घालून राह्यल्या? 'मी सांगितले की उचला.' हे काढून टाका ना. बाकीचं बराबर हाये."

"ते काढलं तर बाकीचंही बराबर राहत नाही. ते पहिलं वाक्य आहे, पहिलंच राहू द्या."

"अडचण होईल तुम्हाला."

"होऊ द्या. आणि मला पोच पाहिजे. शिक्का मारून, तारीख टाकून."

तो कुरकुरला. ती उभी राहिली. पोरगी रडली, ती उभी राहिली. दुपारी बाराला शिक्का पडला.

घरी आली तर कल्याण दारातच होता. सर्जेराव येऊन गेला होता. "काय केलंत?" तिनं विचारलं. 

"म्हणलं, बायको ठाण्यात गेली, तिचं लिहून झालं की मी बी माझं लिहून देणार हाये." तो दारातून बाजूला झाला. "त्यानं आईसमोर शिव्या देल्ल्या. आईनं चहाचं आधण त्याच्या पायाशी ओतून देल्लं."

आतून सगुणाबाई ओरडल्या, "पाय हुकला त्याचा! नेम चुकला माझा!"

यातून लगेच काही झालं असं नाही. चौकशी 'सुरू आहे'. तृप्तीला दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं. खुर्चीही गेली, बांबूही गेला. कल्याण आता तीर्थपुरीला एका आडत दुकानी जातो. गावातले काही जण म्हणतात, हिनं स्वतःच्या हातानं घर बुडवलं. अकिब घरी आला आहे. डाव्या हाताच्या तीन बोटांनी पाणी प्यायला शिकतोय. महजबीन तृप्तीशी बोलत नाही. समोरून आली तर दुसऱ्या बाजूनं निघून जाते, आणि तृप्ती तिला अडवत नाही. पण ठाण्याच्या कागदावर अकिब आता कामावरचा माणूस आहे. तेवढा एक शब्द त्यांना खोडता आलेला नाही, आणि तो खोडू न देण्यासाठी ती दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन बसते.

पंखे वाढतायत. वाढू देत. तिचं म्हणणं अजूनही तेच आहे.

पण गेल्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, ती पोरीला डॉक्टरकडं दाखवून तीर्थपुरी फाट्यावर उभी होती. तेव्हा एक ट्रेलर आला. वर पांढरं पातं, आणि पात्यावर माणूस. एकटा. दोन असायचे, आता एकच. पन्नाशीचा असेल. मिशा पांढऱ्या, अंगात निळा स्वेटर, डोक्याला केशरी गमछा, पाय अनवाणी. इकडचा नव्हता. फाट्यावरची तार त्यानं उचलली आणि मागं मागं चालत गेला, खाली न बघता, सवयीनं.

तृप्ती पोरीला घेऊन ट्रेलरबरोबर पळत गेली. "भैया! नाव क्या है तुम्हारा? किसके यहां काम करते हो?"

त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावून दाखवला, राजनंदिनीकडं बघून हसला, आणि हात हलवला. ड्रायव्हरनं काच खाली करून सांगितलं, "आष्टीकडं चाललो बाई, बाजूला व्हा." मग धूळ.

तिनं ठाण्यात फोन केला. त्यांनी नाव विचारलं. नाव नव्हतं. तिनं सबस्टेशनला फोन केला. कोणी उचलला नाही. ट्रेलरचा नंबर तिनं हातावर लिहून घेतला होता. त्याचं काय करायचं हे कोणीच सांगेना.

म्हणून हे तुम्हाला सांगतेय ती. तुम्ही आष्टीच्या बाजूचे असाल, परतूरच्या रस्त्याला तुमचं शेत असेल, दुकान असेल, तर बाहेर येऊन वर बघा. निळा स्वेटर, केशरी गमछा, पांढऱ्या मिशा. चहाला म्हणून त्याला खाली बोलवा. नाव विचारा, गाव विचारा, घरी कोण आहे ते विचारा, आणि कुठंतरी लिहून ठेवा. आणि संध्याकाळी परत एकदा जाऊन, तो आपल्या पायानं खाली उतरला का, तेवढं पाहून या.